पोल डान्समध्ये पोलवर उलटं होणं: आयेशा, हँडस्प्रिंग आणि दुखणारा खांदा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही २७ वर्षांच्या, वाकडला राहता, हिंजवडीत नोकरी करता. कोरेगाव पार्कच्या पोल डान्स क्लासला वर्षभर गेलात, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ते जमेना, म्हणून घरी हॉलमध्येच पोल बसवला. जमिनीवरून इन्व्हर्ट होता, म्हणजे पोल धरून उलट्या होता, आणि उजव्या बाजूचे दोन्ही लेग हँग (एका गुडघ्यामागे पोल पकडून उलटं लटकणं) येतात. आता व्हिडिओ बघून आयेशा (फक्त दोन हातांवर उलटं तोलून पाय पसरणं) आणि हँडस्प्रिंग (जमिनीवरून झोका घेऊन तसंच उलटं वर जाणं) यांचे प्रयत्न चालू आहेत. आयेशात हात सुटून दोनतीनदा मॅटवर आलात, आणि गेले काही दिवस उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतोय. रूममेट असली तर ती धरते. तुमचं विचारणं असं की ताकद कमी पडतेय की टेक्निक चुकतंय, आणि साधारण किती दिवसांत जमेल.

ताकदही थोडी कमी असेल, टेक्निकमध्येही काही राहिलं असेल. पण तुमचं लिहिणं वाचताना मला खटकलं ते वेगळंच. आयेशात जायचं कसं यावर तुम्ही बरंच सांगितलंय. त्यातून खाली कसं येता यावर मात्र एकच वाक्य आहे, ‘हात सुटला की मॅटवर येते.’ म्हणजे उतरणं असं तुमच्याकडे अजून नाहीच. खांदा दुखतोय तोही बहुतेक याच्याशीच जोडलेला आहे, कारण ज्याला हळू उतरता येत नाही तो वर जातानाही हिसका मारूनच जातो. त्यामुळे मी उत्तर उलट्या टोकापासून देणार आहे.

मी लहानपणी सदाशिव पेठेतल्या एका व्यायामशाळेत मल्लखांब शिकले, पुढे पोलकडे वळले आणि आता तेच शिकवते. तरी तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, ही मर्यादा आहेच. खांद्याची लवचिकता किती, कोपर सरळ केल्यावर मागे जातं का, आधी कुठली दुखापत झालीये का, पूर्वी जिम्नॅस्टिक्स किंवा नाच केलाय का, यावर बरंच बदलतं. खाली जे लिहितेय त्यातला क्रम मी सगळ्यांसाठी तोच ठेवते. वेग मात्र प्रत्येकीचा वेगळा.

खांद्याचं आधी. तो दुखत असताना आयेशा आणि हँडस्प्रिंग दोन्ही बंद. पुढच्या बाजूचं दुखणं बायसेप्सच्या टेंडनचं (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचं) असू शकतं, रोटेटर कफचं (खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं) असू शकतं, आणखीही कशाचं असू शकतं. ते इथून कोणी सांगू नये आणि तुम्हीही कोणाचं ऐकू नये. खेळाडू बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि ‘जिममध्ये दुखलं’ असं मोघम न सांगता नेमकं सांगा: हात डोक्याच्या वर, अंगठा खाली वळवलेला, आणि त्या हातावर शरीराचा भार. शक्य असेल तर फोनमधला व्हिडिओच दाखवा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात बाजूने वर नेताना ठरावीक जागी कळ येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड अचानक ढिली पडत असेल, तर हे याच आठवड्यात करा. फिजिओने परवानगी दिली तर दरम्यान पायांच्या पकडी, जमिनीवरचं काम, पोटाचे व्यायाम चालू ठेवता येतात. सराव पूर्ण थांबवावा लागतोच असं नाही.

आणखी काही बाबतींत उलटं होण्याआधी डॉक्टरांना विचारणं गरजेचं आहे. रक्तदाब काबूत नसेल, काचबिंदू असेल (डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो), मानेच्या मणक्यांचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल, तर परस्पर ठरवू नका. ॲसिडिटी वर येण्याचा त्रास असणाऱ्यांना उलटं झाल्यावर तो जास्त जाणवतो. पोटभर जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या. पाळीत उलटं व्हावं की नाही हे मला जवळजवळ प्रत्येक नवी मुलगी विचारते. त्याने अपाय होतो असा ठोस पुरावा नाही. बरं वाटत असेल तर करा, नसेल तर त्या दिवशी पाय जमिनीवर ठेवा.

आता तुमच्या हॉलमधला पोल. क्लासमधला पोल सहसा छताला बोल्टने पक्का केलेला असतो. घरी आपण बसवतो तो दाबाचा असतो, म्हणजे छत आणि फरशी यांच्यामध्ये स्क्रूने ताणून उभा केलेला. त्याचं वरचं टोक आरसीसी स्लॅबवर किंवा बीमवरच टेकलेलं हवं. वाकड-बाणेरच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलला पीओपीचं किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग असतं, आणि ते हा दाब पेलत नाही. तुम्ही पोल त्याला टेकवून बसवला असेल तर हे वाचून झाल्यावर आधी तो काढा. वर काय आहे ते बोटांनी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे पोल नको. पोल सरळ उभा आहे का ते स्पिरिट लेव्हलने बघायचं, तेही एकदा बसवताना नाही तर प्रत्येक सरावाआधी, कारण वापराने ताण हळूहळू सैल पडतो. नंतर दोन्ही हातांनी धरून सगळ्या दिशांना जोर लावून बघायचा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर खालच्या चकतीखाली कंपनीने दिलेलं रबर असलंच पाहिजे. वजनाची मर्यादा लिहिलेली असते ती स्थिर भाराची की हलत्या, तेही वाचा. पाय फेकून वर जाताना पोलवर येणारा जोर तुमच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. आणि पंखा! लेग हँगपर्यंत तो आड येत नाही, पण आयेशात पाय दोन्हीकडे पसरतात. हात-पाय पूर्ण लांबवून पोलभोवती एक फेरी मारा. सोफ्याची कड, टीव्ही, कपाटाचं हँडल, जे लागेल ते हलवा.

एक बारीक गोष्ट. क्लासमधला पोल ५० मिमी व्यासाचा आणि घरचा ४५ चा असेल तर पकड वेगळी वाटणारच. हल्ली बहुतेक ठिकाणी ४५ चाच वापरतात. हात लहान असलेल्यांना ४० किंवा ४२ चा बरा पडतो. नवीन उलटी पोझ शिकताना पोल स्टॅटिकवर, म्हणजे न फिरणारा, ठेवा आणि लॉक खरंच लागलाय ना हे हाताने फिरवून बघा.

पुण्यात शीर्षासन करणारे पुष्कळ भेटतात. मॉडेल कॉलनीत अय्यंगार इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे, तिथल्या पद्धतीची शिकवण कितीतरी घरांत पोचली आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं की शीर्षासन पाच मिनिटं येतं म्हणजे पोलवर उलटं होणं सोपं जाईल. डोक्यात रक्त उतरल्याची भावना, दिशा उलटी झाल्यावरचा गोंधळ, याची सवय त्यांना आधीपासून असते हे खरं, आणि ती फार उपयोगी पडते. पण शीर्षासनात भार जमिनीत ढकलायचा असतो. पोलवर उलटं होताना तो खांद्यांतून लटकतो. त्या लटकण्याला लागणारे स्नायू वेगळे. मल्लखांबावरून येणाऱ्यांचं वेगळंच होतं. आम्ही साधी अढी घालतो तेव्हा डोकं खाली, खांब मांड्यांमध्ये आवळलेला, आणि लाकडाला एरंडेल तेल लावलेलं. तिथे मांड्यांचा दाब सगळं सांभाळतो. पोलवर तेलाचा थेंबही नको, उघडी कातडी आणि धातू यांच्या घर्षणावरच पकड. अढी पक्की असलेल्या मुली लेग हँग लगेच पकडतात आणि आयेशात अडतात, कारण आयेशात पाय खांबाला नसतातच.

तुमच्या इन्व्हर्टबद्दल. ‘जमिनीवरून इन्व्हर्ट होते’ असं तुम्ही लिहिलंय, पण कसा होता ते महत्त्वाचं. पाय उडवून, कंबर मागे झोकून झालेला इन्व्हर्ट मी जमलेला मानत नाही. मी मुलींना सांगते तो कस असा: पोलशेजारी उभं राहा, हातांची पकड घ्या, खांदे कानांपासून लांब, खाली ओढलेले. दोन्ही पाय एकदम, उडी न मारता, गुडघे छातीशी घेत उचला. तिथे एक श्वास थांबा. मग कंबर वर, पाय फाकवून चॉपर. तिथून त्याच वाटेने परत: पाय मिटा, गुडघे छातीशी, पाच मोजत पावलं जमिनीला. पाऊल टेकताना आवाज आला नाही पाहिजे. असं सलग तीनदा, उजवीकडून आणि डावीकडून, शेवटच्या वेळीही तितकंच हळू. हे जमेपर्यंत मी कोणाला आयेशाचं नाव काढू देत नाही, आणि या एका नियमामुळे माझ्याकडून रागावून गेलेल्याही आहेत.

वर जाणं जड पडत असेल तर फक्त उतरण्याचा सराव करा. स्टुलावर उभं राहून चॉपरमध्ये जा आणि तिथून हळूहळू खाली या. वजन सोडत सोडत काम केल्यानेही स्नायू मजबूत होतात, आणि ज्या कोनात ते हरतात तो कोन तुम्हाला नेमका कळतो. बहुतेकींचा तो कोन एकच असतो: कंबर खांद्यांच्या पातळीच्या खाली येते आणि पुढचं सगळं एकदम धपकन. तिथेच थांबून दोन सेकंद धरायचं.

डावी बाजू तुम्ही केलेलीच नाही असं दिसतं. हा सौंदर्याचा मुद्दा नाही. एकाच बाजूने चढणाऱ्यांचा एक खांदा सगळी ओढ घेतो आणि दुसरा सगळा रेटा, महिनोन्‌महिने. तुमचा दुखरा खांदा उजवा आहे आणि तुमची चालू बाजूही उजवीच.

आता उतरणं. माझ्या वर्गात प्रत्येक उलट्या पोझला दोन वाटा माहीत असाव्या लागतात. एक ठरलेली, ताकद असतानाची. दुसरी घाईची, हात घामेजला किंवा पायात गोळा आला तर घ्यायची. लेग हँगमध्ये ठरलेली वाट म्हणजे हात पोलला परत आणायचे, मोकळा पाय वर नेऊन दोन्ही मांड्या आणि घोटे आवळायचे, म्हणजे क्रुसिफिक्स, मग चॉपर आणि खाली. घाईची वाट म्हणजे क्रुसिफिक्समधून तळहात जमिनीवर. यासाठी सुरुवातीचा सगळा सराव इतक्या कमी उंचीवर करायचा की उलटं लटकल्यावर तळहात जमिनीला टेकतील. दोन्ही तळहात पूर्ण टेकल्याशिवाय आणि कोपरं सरळ झाल्याशिवाय मांड्यांची पकड सोडायची नाही. घाबरल्यावर हात आधी सुटतो की पाय, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. पाय आधी सोडण्याची सवय असलेल्या मुलीच डोक्यावर येतात. हात टेकले की पोलपासून दोनतीन पावलं हातांनी पुढे जा आणि एकेक पाय खाली आणा. हे कंटाळा येईपर्यंत करा. नंतर डोळे मिटून करा, पण रूममेट शेजारी असतानाच, कारण घाबरल्यावर माणसाला आजूबाजूचं फारसं दिसत नाही आणि हाताला जमीन कुठे आहे हे तेव्हा अंगानेच कळावं लागतं.

आता आयेशा. व्हिडिओत बहुतेक वेळा दिसतं की कोणी जमिनीवरून पाय फेकून थेट आयेशात गेली. ते बघायला छान, शिकायला वाईट. मी लेग हँगमधून नेते. आउटसाइड लेग हँगमध्ये, म्हणजे पोलपासून लांबच्या पायाने धरलेल्या लेग हँगमध्ये, स्थिर व्हा. खालचा हात पोलवर लावा, वरचा हात त्याच्या बराच वर. मग गुडघ्याची पकड सरकवत पोटरी, तिथून घोटा, हे बटरफ्लाय. शरीर पोलपासून थोडं लांब ढकलून पाय लांबवा, घोटा मात्र पोलला अडकलेला. हे एक्स्टेंडेड बटरफ्लाय. इथे तुमचं बहुतेक वजन हातांवर आलेलं असतं, पण चुकलं तर घोटा आहे. याच जागी आठवडेच्या आठवडे घालवा. तो घोटा पोलवरून एक इंच उचला, परत ठेवा. दोन सेकंद उचला, परत ठेवा. ज्या दिवशी उचललेला घोटा परत ठेवताना तो शोधावा लागत नाही, त्या दिवशी तो पाय दुसऱ्या पायासारखा बाजूला न्या. तुम्ही आयेशात असता, आणि घोटा ठेवणं ही तुमची परतीची वाट असते.

खालच्या हाताबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आयेशा तिथेच बनते किंवा मोडते. माझ्याकडे एक मुलगी येत असे, जिममध्ये सहज पुलअप्स काढणारी. आयेशात मात्र चार सेकंदांत घसरायची आणि म्हणायची, वरच्या हाताची पकड सुटते. मी खाली बसून तिचा खालचा हात बघितला. पाचही बोटं पोलभोवती मुठीसारखी, मनगट आत मोडलेलं, कोपर थोडं वाकलेलं. तो हात पोलला धरत होता. त्याने ढकलायला हवं होतं. वरच्या हातावर सगळा भार येत होता म्हणून तो सुटत होता. तिला तर्जनी पोलवरून सरळ खाली रोखायला सांगितलं, तळहाताची टाच पोलवर दाबून, मनगट पुढच्या हाताच्या रेषेत, कोपर सरळ, आणि खांदा असा रेटायचा जणू पोल स्वतःपासून दूर लोटायचा आहे. वरचा हात खेचतो, खालचा रेटतो, आणि कंबर पोलपासून लांब जाऊन दोन्ही हातांच्या मधल्या रेषेवर तोलली जाते. तिची पकड त्याच दिवशी सुधारली. ताकद तर आधीपासून होतीच. तुमचा हात का सुटतो हे शोधताना खालच्या हातापासून सुरुवात करा.

ज्यांची कोपरं सरळ केल्यावर मागे जातात त्यांनी खालचं कोपर पूर्ण लॉक करू नये. एक केसभर वाकलेलं ठेवा, म्हणजे भार सांध्यावर न पडता स्नायूंवर राहतो. दोन्ही खांदे कानांजवळ गोळा झाले की पोझ कितीही सुंदर दिसत असो, उतरायचं. व्हिडिओ काढा आणि फक्त मान बघा: मान दिसत नसेल तर खांदे लटकलेले आहेत.

हँडस्प्रिंगबद्दल थोडक्यात: आत्ता नाही. ट्विस्टेड ग्रिपमध्ये वरचा हात डोक्यावर, अंगठा खाली, म्हणजे खांदा पूर्ण आत वळलेला. त्याच स्थितीत झोका घेऊन शरीर वर फेकायचं म्हणजे एका क्षणात मोठा धक्का त्या खांद्यावर. निरोगी खांद्यालाही त्यासाठी बरीच तयारी लागते. खांदा पूर्ण बरा झाला, आयेशा दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेकंद शांतपणे धरता आली, तर त्याच पकडीत आधी पाय जमिनीवर ठेवून, थोडं थोडं वजन देत सुरुवात करायची. खांदा बरा झाल्यावर, हँडस्प्रिंगच्या आधी, एल्बो ग्रिप आयेशा शिकता येते. तिथे पोल कोपराच्या बेचक्यात असतो, दंडाच्या आत काळंनिळं होतं, पण ट्विस्टेड ग्रिपमधला तो पीळ खांद्याला नसतो.

मॅटबद्दल लोकांचा भरवसा जरा जास्तच असतो. पोलभोवती दोन अर्ध्या भागांत बसणारा, १० ते १२ सेंमी जाडीचा क्रॅश मॅट घ्या. योगा मॅटच्या चार घड्या म्हणजे मॅट नव्हे. मधली फट नीट बंद झालीये ना बघा, कारण खाली आल्यावर बोटं किंवा घोटा नेमका त्या फटीत जातो. तो पाठीवर, कुशीवर पडण्याचा मार कमी करतो. सरळ डोक्यावर आलात तर मान वाचवण्याची त्याची ताकद नाही. आणि पायांवर उतरायचं असेल तेव्हा जाड मऊ मॅटवर घोटा मुरगळू शकतो, हेही लक्षात ठेवा.

म्हणून रूममेट. ती धरायला येते हे फार चांगलं आहे, पण तिला कसं धरायचं हे कोणी शिकवलंय का? नवखी व्यक्ती घाबरून पाय धरते. पाय धरले की तुमचं डोकं आणि खांदे तसेच खाली जातात आणि तुम्हाला पाय सोडवताही येत नाहीत. तिचे हात तुमच्या कमरेला हवेत, माकडहाडाच्या वर आणि पोटाच्या बाजूला, आणि तिने तुमच्या पाठीकडे, पायांच्या फेकीच्या बाहेर उभं राहायचं. काही सुटलंच तर एका हाताने कंबर वर तोलून दुसरा खांद्याखाली न्यायचा. आधी तुम्ही लेग हँगमध्ये, जमिनीला हात टेकलेले असताना, तिला तुमचं वजन कमरेतून पेलून बघू द्या. तिला ते जड गेलं तर आयेशासाठी ती पुरेशी नाही, आणि हे तिला स्पष्ट सांगा. तुमच्यात एक शब्द ठरवा; तो उच्चारला की ती प्रश्न न विचारता तुम्हाला खाली आणेल. ती घरी नसेल त्या दिवशी नवीन उलटी पोझ करायची नाही. आधी पक्कं झालेलंच, तेही जमिनीला हात पोचतील अशा उंचीवर, आणि फोन मॅटच्या कडेला, हाताशी.

पकडीवर पुण्याच्या हवेचा बराच परिणाम होतो. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकी उघडी ठेवून सराव केलात तर पोलवर ओलाव्याचा पातळ थर बसतो. दर चढाईआधी मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा, दिवसातून एकदा स्पिरिटने. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट होतं, कातडी कोरडी पडते आणि थंड स्टीलवर काही चिकटतच नाही. तेव्हा आधी पोललाच हातांनी, मांड्यांनी घासून ऊब द्या. घाम येणाऱ्या हातांना ड्राय हँड्ससारखं लिक्विड चालतं, कोरड्या कातडीला आयटॅकसारखं चिकट काही. दोन्ही एकत्र लावू नका. सरावाच्या दिवशी सकाळपासून अंगाला खोबरेल, बॉडी लोशन काही नको. रूममेटने लावलं असेल आणि तिने पोल धरला तरी तो पुसावा लागतो. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. तुमच्या हात सुटण्याच्या दोनतीन वेळांमधल्या एखाद्या वेळी लोशन कारणीभूत असेल तर मला नवल वाटणार नाही.

किती दिवसांत, याला मी तारीख देत नाही. देणाऱ्याने तुमचे खांदे बघितलेले नसतात. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण ते हाडाला बांधणारे टेंडन त्याहून बरेच सावकाश तयार होतात, महिन्यांच्या हिशोबाने. म्हणूनच ‘आता मला खूप ताकद आलीये’ असं वाटण्याच्या काळातच कोपराच्या आतल्या बाजूची, खांद्याची दुखणी सुरू होतात. उलट्या पोझचा सराव आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस ठेवा, मध्ये किमान एक दिवस सोडून. प्रत्येक वेळी आधी पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करा: मनगटं, खांद्याचे फिरते व्यायाम, लटकून फक्त खांदे खाली ओढणं, रबर बँडने हात बाहेर वळवणं. पोलमध्ये खेचणं फार आणि ढकलणं कमी, म्हणून मधल्या दिवशी पुशअप्स आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम असू द्या. अवघड पोझ सत्राच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच करा. शेवटच्या दहा मिनिटांत ‘एक शेवटचा प्रयत्न’ मी कोणाला करू देत नाही; माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच पडण्या तेव्हाच्या आहेत. मांडीवर, गुडघ्यामागे काळेनिळे डाग पडणं नेहमीचं आहे. मुंग्या, बधिरपणा, सांध्यात कळ, डोकं वर आल्यावर न थांबणारी चक्कर, यातलं काही झालं की त्या दिवसाचं काम संपलं.

व्हिडिओ बघून शिकता येतं का? आठवण ताजी करायला, क्रम लक्षात ठेवायला, हो. पहिल्यांदा आयेशा, नाही. व्हिडिओतल्या बाईला तुमचा खालचा हात दिसत नाही. रोज कोरेगाव पार्क गाठणं अशक्य आहे हे मला समजतं, वाकडहून संध्याकाळी निघणं म्हणजे काय ते मीही अनुभवलंय. पण महिन्यातून दोन रविवार सकाळी रस्ते मोकळे असतात. क्लासच्या बाईंना सांगून त्या दोन तासांत फक्त नवीन गोष्ट धरून करून घ्या, आणि मधले दिवस घरी जमलेलं पक्कं करा. बाई स्वतः आयेशा किती सुंदर करतात यापेक्षा त्या दुसरीला धरताना हात कुठे ठेवतात, उतरणं शिकवतात का, आणि दुखतंय म्हटल्यावर काय म्हणतात, हे बघून क्लास निवडा.

फिजिओकडे जाऊन आलात आणि त्यांनी हरकत घेतली नाही, की दोन व्हिडिओ काढा. फोन कमरेच्या उंचीवर, एकदा बाजूने, एकदा पाठीमागून. पहिला, दोन्ही बाजूंचा हळू इन्व्हर्ट, उतरण्यासकट. दुसरा, एक्स्टेंडेड बटरफ्लाय, घोटा पोललाच ठेवून, खालचा हात नीट दिसेल असा. ते पाठवा, मी बघून सांगते की घोटा उचलायची वेळ झालीये का.